किल्ली स्टुडिओत आहे

९ मार्च

आई,

तुझं पत्र येईल म्हणून चार महिने वाट पाहिली. आलं नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. स्टुडिओत फोन केला असता, पण तो फोन गिऱ्हाइकांसाठी असतो, घरच्यांनी त्यावर रडगाणी गायची नसतात, हे मला पहिलीपासून पाठ आहे.

भोंग्याला जाऊन उद्या चार महिने होतील. सहा दिवसांचा ताप आणि सव्वीस वर्षांचा माझा भाऊ संपला. लहानपणी रडायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं म्हणून मीच त्याला भोंग्या नाव ठेवलं होतं. आता इतकी शांतता आहे की कान दुखतात.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती लिहूनच टाकते. मी दोन दिवस प्रवास करून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, किल्ली स्टुडिओत आहे. शाळेतून आल्यावर रोज ऐकायचो तेच वाक्य! मी बॅग घेऊन तशीच स्टुडिओत आले. तू तुझ्या त्या दुधी काचेपुढे बसली होतीस, काचेखाली दिवा, डोळ्याला भिंग, हातात पातं. काचेवर भोंग्याची निगेटिव्ह होती. मी तुझ्या गळ्यात पडायला आले होते, आई. तू हात पुढे केलास, तर त्यात किल्ली होती. "जेवण झाकून ठेवलंय" म्हणालीस आणि पुन्हा खाली वाकलीस.

असो. भांडायला लिहीत नाहीये. मला एक मागायचंय.

तू फ्रेम करून दिलेला फोटो मी इथे भिंतीवर लावलाय. रोज पार्लरला जाताना बघते आणि रोज वाटतं, हा कोण? भुवई अगदी गुळगुळीत. त्याच्या भुवईवरचा व्रण कुठे गेला? हसला की तो व्रण वर जायचा आणि भुवई दोन तुकड्यांत नाचायची. त्यावरून मी त्याला किती चिडवलंय. तो व्रण नसेल तर तो माझा भाऊ नाहीच, कुठल्यातरी जाहिरातीतला मुलगा आहे.

खरं सांगू का, मला भीती वाटायला लागलीय. परवा मी डोळे मिटले आणि त्याचा चेहरा लगेच आलाच नाही. फ्रेममधला गुळगुळीत चेहराच आला. मला व्रणासकट त्याचा एक फोटो पाठव, कुठलाही, लहानपणचासुद्धा चालेल. एवढंच कर.

ताई


२१ मार्च

ताई,

पत्र मिळालं. इथे सगळं ठीक आहे. मोरीचा नळ बदलून घेतला. तुझी निळी शाल कपाटात सापडली, पार्सलने पाठवते. तिकडे थंडी असते असं तू म्हणत होतीस.

फोटोचं असं आहे. त्याचे सगळे फोटो आपल्या स्टुडिओतच काढलेले आहेत. बाहेर फोटो काढायचं तो कधी नाव घ्यायचा नाही. त्या सगळ्यांचं रिटचिंग मीच केलं आहे. व्रण कुठल्याच फोटोत नाही.

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं, हे तुला माहीत आहे. व्रणाची कातडी चकाकते, म्हणून निगेटिव्हवर त्याची काळी रेघ येते. ती पात्याने खरवडून काढावी लागते. खरवडलेलं परत येत नाही. पेन्सिलीचं काम असतं तर पुसता आलं असतं.

काही करता येतं का बघते.

सुट्टी काढून येणार असलीस तर किल्ली स्टुडिओत आहे.

आई


२ एप्रिल

आई,

सगळ्या? एकूण एक निगेटिव्ह खरवडलीस?

मी पत्र तीनदा वाचलं. नळ, शाल, थंडी, आणि मधे सहज सांगितल्यासारखं की भोंग्याचा खरा चेहरा आता जगात कुठेच नाही. तुझ्या हातून गिऱ्हाइकांच्या मुरमांसोबत तोही साफ झाला.

का केलंस? तुला त्याची लाज वाटायची का? जिन्यावरून पडला तेव्हा चार वर्षांचा होता, तूच सांगितलं होतंस. पोरं पडतात. मी शाळेतून आले तेव्हा त्याच्या डोक्याला पट्टी होती आणि तू स्वयंपाकघरात पाठ करून उभी होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पडला. हात लावू नको."

हात लावू नको! बाबा गेल्यानंतर त्या घरात हे एकच वाक्य उरलं होतं. मी परीक्षेत पहिली आले, तुझ्याकडे धावत आले, तू दोन पावलं मागे सरलीस. भोंग्याला ताप असायचा तेव्हा त्याच्या कपाळावर हात मी ठेवायचे. तू दारात उभी राहून विचारायचीस, "किती आहे?" त्याला अंघोळ मी घातली, शाळेसाठी तयार मी केलं. आठ वर्षं रोज सकाळी केस मी विंचरले. स्टुलावर बसायचा आणि एक मिनिट गप्प राहील तर शपथ. तेच केस विंचरता विंचरता माझा धंदा झाला, आज दिवसाला पंधरा डोकी माझ्या हाताखालून जातात.

त्या शेवटच्या सहा दिवसांत तरी त्याचा हात धरला होतास का? मला कुणाला विचारायचा धीर झाला नाही. आता तुलाच विचारते.

शाल मिळाली. उसवलेला काठ कुणी शिवला? तू शिवला असशील तर सांगायला काय झालं होतं?

ताई


४ मे

ताई,

सोबत फोटो आहे. कागद दुमडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला आहे, जपून उघड.

नोकरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला त्या दिवशीची ही एक जादा निगेटिव्ह होती. तो हसला म्हणून ओळखपत्राला चालली नाही. कधी छापली नव्हती. व्रण मात्र याही निगेटिव्हवरचा मी तेव्हा सवयीने काढून टाकला होता. आता पेन्सिलीने परत घातला आहे. एकच प्रत काढली आहे, तुला पटली तर आणखी काढता येतील.

उशीर झाला. हल्ली हात सावकाश चालतो.

काठ मीच शिवला.

आई


१५ मे

आई,

पाकीट उघडलं आणि त्याचं हसू बघून मी मटकन खाली बसले. असा फोटो तुझ्याजवळ इतकी वर्षं पडून होता! बराच वेळ नुसती बघत राहिले. मग काहीतरी खुपायला लागलं. पुन्हा पाहिलं. 

व्रण चुकीच्या भुवईवर आहे.

फोटो समोर धरला की तू काढलेला व्रण माझ्या उजव्या हाताला येतो. तो माझ्या डाव्या हाताला असायचा. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आठ वर्षं रोज सकाळी तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आई. भांग पाडताना कंगवा त्याच बाजूने न्यायचे मी.

तो व्रण झाल्यानंतर तू बावीस वर्षं त्याच्यासोबत एका घरात राहिलीस. जगभराच्या माणसांचे चेहरे भिंगातून बघतेस, कुणाच्या गालावर कुठे तीळ आहे ते तुझ्या लक्षात राहतं. आणि पोटच्या पोराला कुठल्या भुवईवर व्रण होता हे तुला माहीत नाही. माझ्या मागच्या पत्राचं उत्तर मला यातच मिळालं. तू त्याच्याकडे कधी पाहिलंसच नाहीस.

फोटो परत पाठवते आहे. व्रण कुठे हवा तिथे बॉलपेनने रेघ मारली आहे. हे तरी नीट करता आलं तर कर.

ताई


२४ मे

ताई,

फोटो पोचला. रेघ पाहिली.

तू म्हणतेस तसंच असणार. तू त्याच्याजवळ होतीस, मी नव्हते. त्याचे केस तू विंचरायचीस.

माझा गोंधळ कसा झाला ते सांगते. निगेटिव्हवर काम करताना ती उलटी धरावी लागते, रसायनाच्या थराची बाजू वर. त्यात माणसाचं उजवं डावीकडे येतं आणि डावं उजवीकडे. इतरांचं मी बरोबर ओळखते. पण त्याचा चेहरा मी सगळ्यात जास्त काचेवरच पाहिला आहे. घरी मी फार बघत नसे. बघितलं की नजर तिथेच जायची. त्यामुळे मनात उलटसुलट झालं असेल.

मला वाटत होतं की मला नक्की माहीत आहे. पण तुझ्याइतकं नक्की नसेल.

आता ती पेन्सिल पुसून दुसऱ्या बाजूला घालते. दोन-तीन आठवडे लागतील. दिवसाच्या उजेडातच काम होतं.

दवाखान्यात हात धरला होता का, असं तू विचारलं होतंस. तो शुद्धीत होता तोवर नाही. नंतर धरला.

आई


१२ जून

आई,

काही करू नकोस. हे पत्र मिळेल तेव्हा हातातलं काम असेल तसं खाली ठेव. निगेटिव्हला हात लावू नकोस. मी सकाळपासून तीनदा स्टुडिओत फोन लावला, कुणी उचलत नाही. म्हणून पार्लरच्या पायरीवर बसूनच हे लिहिते आहे, लगेच टाकते.

आज काय झालं ते सांगते. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, सहा वर्षं माझ्याच खुर्चीत बसतात. त्यांच्या गालावर मोठा तीळ आहे. आज केस कापून झाले, मी पैसे घ्यायला पुढे आले आणि त्या समोरासमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, तुमचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला की काय?" त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, तू मला कायम आरशातच बघतेस."

माझ्या हातातून कंगवा पडला.

आई, आपल्या घरचा तो कपाटाचा आरसा. भोंग्या स्टुलावर बसायचा, आरशाकडे तोंड करून, आणि मी त्याच्या मागे उभी. आठ वर्षं. तो आरशात वेडीवाकडी तोंडं करायचा आणि मी आरशातच त्याला डोळे वटारायचे. शाळेत निघाला की त्याची पाठ दिसायची. घरी आला की तो बाहेर खेळायला आणि मी चुलीपाशी. मी माझ्या भावाला आरशात पाठ केलंय. व्रण माझ्या डाव्या हाताला दिसायचा, कारण आरशात तो डाव्याच हाताला दिसणार. फोटोत उजव्याच हाताला यायला हवा. तू घातलास तिथेच.

तू बरोबर होतीस. तू अगदी बरोबर होतीस, आणि मी म्हटलं म्हणून तू स्वतःवर शंका घेतलीस. का ऐकलंस माझं? भांडायचंस ना! एकदा तरी म्हणायचंस, "मूर्ख मुली, मी त्याची आई आहे."

निगेटिव्ह तशीच ठेव. मी येते आहे.

ताई


१३ जून

ताईबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच. कोंबडीचे पाय इतके वाकडे फक्त तुझ्या स्टुडिओवाल्या काकांचेच असतात. तुझ्या आईला मी पंचवीस वर्षं बाई म्हणतो आणि त्यांची आज्ञा मोडायची माझी कधी हिंमत झाली नाही. आज मोडतो आहे. त्यांना सांगू नकोस, नाहीतर या वयात मला नोकरीवरून काढतील. स्टुडिओ माझा असला म्हणून काय झालं!

काल दिवसभर स्टुडिओ बंद होता. बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्या डोळ्यांचं गेल्या हिवाळ्यापासून बिनसलं आहे. नजरेच्या मधोमध काळा ठिपका आला आहे आणि तो वाढतो आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टरांनी तेव्हाच बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. बाईंनी ऐकलं, तुझं पत्र येईपर्यंत. मग एके दिवशी भिंग काढलं आणि खिडकीत जाऊन बसल्या. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत, त्या एका रेघेला पाच आठवडे लागले. पूर्वी असल्या रेघा चहा निवायच्या आत व्हायच्या. फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा मी बघितला. ताई, मला वाटलं पोरगा आता बोलेल.

मग तू तो परत पाठवलास. मी बाईंना म्हणालो, हे बरोबर आहे, पोरीचं काहीतरी चुकतंय. मला त्या म्हणाल्या, "तिने त्याला वाढवलंय. मी नाही." मी फोन करायला हवा होता. तोंडात मूग धरून बसलो, याचं मला वाईट वाटतं.

परवा त्यांनी पेन्सिल पुसली, दुसऱ्या भुवईवर रेघ घातली. जुन्या जागी थोडा डाग राहिला होता, तो काढायला पातं घेतलं. आणि पातं सटकलं. भुवईतून थेट डोळ्यात. निगेटिव्ह गेली, ताई. मी आलो तेव्हा बाई पातं हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "परत तेच केलं मी."

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. तू तेव्हा शाळेत होतीस. तुझा भाऊ जिन्यावरून पडला नव्हता. बाई काचेपुढे उभ्या राहून काम करत होत्या. पोरगं माझ्या हातून सुटलं, मागून धावत आलं आणि आईच्या कमरेला मिठी मारली. बाई दचकून वळल्या. हातात पातं होतं. मी त्याला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे पळालो. डाव्या भुवईवर पाच टाके. अर्धं बोट खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. तेवढंच वाक्य बाईंनी ऐकलं आणि तेच धरून ठेवलं. त्यानंतर तुम्ही पोरं जवळ आलात की त्यांचा हात आपोआप मागे जायचा. हातात काही नसलं तरी. मी कितीदा समजावलं, पण बाईंना समजावणं म्हणजे भिंतीशी गप्पा.

भोंग्याला हे ठाऊक होतं. नोकरी लागली त्या दिवशी मीच त्याला सांगितलं, म्हटलं आता घोडा झालास. तो हसला. म्हणाला, "म्हणजे आईने माझ्यावर सही केलीय तर!" त्याच दिवशी त्याचा ओळखपत्राचा फोटो काढला. बाईंना तुझी पत्रं हल्ली मीच वाचून दाखवतो. तू ज्या हसऱ्या फोटोवर मटकन बसलीस असं लिहिलं होतंस ना, तो का हसत होता सांगू? कॅमेऱ्यामागे माझ्या शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याला जीभ काढून दाखवली. शपथेवर सांगतो, माझाही विश्वास बसला नव्हता.

तू ये. बाई बोलावणार नाहीत. म्हणून मी बोलावतो.

काका


२० जून

आई,

काकांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

माझं पत्र एका दिवसाने चुकलं, असं मी चार दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मी चुकले ते त्या बॉलपेनने. हात जरासुद्धा थरथरला नाही माझा रेघ मारताना. मला इतकी खात्री होती की त्याच्यावर प्रेम करणारी या घरात मी एकटीच होते.

जिन्याची गोष्ट खोटी होती. बावीस वर्षं तू ती एकटीने पोटात ठेवलीस. मला सांगितली असतीस तर मी काय केलं असतं? लहान होते तेव्हा कदाचित घाबरले असते. पण मोठी झाल्यावर, आई? मी तुला धरलं असतं. तू मागे सरली असतीस तरी धरलं असतं. आता वाटतं, मी दोन पावलं पुढे यायला हवं होतं. तू मागे सरलीस की मी तिथेच उभी राहायचे आणि मनात तुझ्यावर एक एक गुन्हा नोंदवत जायचे.

भोंग्याला जे एका वाक्यात कळलं ते मला एवढ्या वर्षांत कळलं नाही. तो तुझी सही घेऊन फिरत होता आणि तू ती प्रत्येक फोटोतून खोडत होतीस. आणि शेवटी एकदा तुझ्या हाताने परत केलीस, तर ती मी खोडायला लावली.

मी पार्लरमधून महिन्याची रजा घेतली आहे. तीस तारखेला दुपारच्या गाडीने पोचते. माझी एकच विनंती आहे. तो परत पाठवलेला फोटो फेकला नसशील तर फेकू नकोस. माझ्या रेघेसकट मला तो हवा आहे. दुसरा नकोच.

आणि तू समोर उभी राहा. मला तुझा चेहरा नीट बघायचा आहे. मी तुलासुद्धा बहुतेक पाठमोरीच पाहिलं आहे.

तुझी
ताई


२४ जून

ताई,

अक्षर मोठं आणि वाकडं आलं आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर पत्र घेऊन ये, तू आलीस की मीच सांगेन.

फोटो फेकलेला नाही. कपाटाच्या आरशावर चिकटवला आहे, तो स्टुलावर बसायचा त्याच उंचीवर. मला आता त्याचा चेहरा समोरून दिसत नाही. मान वळवली की कडेने थोडा दिसतो, कपाळ आणि कान. म्हणून बोट फिरवते. तुझ्या पेनाचा चर बोटाला लागतो. त्याचा व्रण छापलेला आहे, तो लागत नाही. तुझ्या रेघेवरून अंदाजाने दुसऱ्या बाजूला जाते, पण नक्की कुठे आहे ते कळत नाही. तू आलीस की माझं बोट धरून तिथे ठेव.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी तिथे हात लावला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाचही टाके मोजता येत होते. त्याला कळलं नाही.

तू माझ्यावर गुन्हे नोंदवलेस त्यातले बरेच खरे आहेत. ते आपण बसून बघू. तू रागावलीस तरी चालेल, पण जवळ बसून रागाव.

दुपारची गाडी नेहमी उशिरा येते. रिक्षावाल्याला गल्लीच्या टोकाला सोडू नको म्हणावं, थेट दारापर्यंत यायला सांग. पातं मी काकांना देऊन टाकलं. स्टुडिओत जात नाही. किल्लीसाठी तिकडे जाऊ नकोस. मी घरीच आहे.

आई